एकटा पुरुष कुणाशी बोलतो? लघुकथेतली सव्वाशे वर्षं

१८८६ साली रशियन लेखक अंतोन चेखव यांनी इओना पोतापोव या घोडागाडीवाल्याची कथा लिहिली. इओनाचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. गाडीत बसलेल्या लष्करी अधिकाऱ्याला तो ते सांगू पाहतो, मग तीन टवाळ पोरांना, मग एका दरवानाला. ऐकायला सवड कुणालाच नाही. शेवटी तबेल्यात तो घोडीलाच सगळं सांगतो. पुरुषाच्या एकटेपणावरच्या आजच्या कथांचं मूळ मला इथे दिसतं. पण इओनाला बोलायचं होतं. पुढे बदललं ते नेमकं हेच.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या कथांतला पुरुष दुखलं तरी बोलत नाही. १९२७ च्या ‘मेन विदाउट विमेन’ संग्रहात मुष्टियोद्धे आहेत, सैनिक आहेत. सहन करणं हीच त्यांची इभ्रत. १९३३ च्या एका कथेत एक बहिरा म्हातारा रात्री उशिरापर्यंत कॅफेत ब्रँडी पीत बसतो. आठवड्यापूर्वीच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. वयस्क वेटरला त्याची कळ समजते, कारण स्वतःलाही झोप नाही; तरी बोलायला मात्र तो जात नाही. पुढच्या अनेकांनी हेमिंग्वेंचा अबोलपणा उचलला, त्याखालची भीती नाही. या परंपरेचं त्याने फार नुकसान झालं, असं मला वाटतं.

असा एकटा पुरुष लघुकथेतच का भेटतो, याचं उत्तर आयरिश कथाकार फ्रँक ओकॉनर यांनी १९६३ मध्ये दिलं: कादंबरीसारखा नायक इथे नसतो, समाजाच्या कडेला पडलेली माणसं असतात.

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या ‘कथीड्रल’ या कथेत (१९८१) पुरुषाच्या अबोलपणाची कोंडी फुटते. बायकोच्या अंध मित्रावर मनातून धुसफुसणारा नवरा त्याच्यासोबत दारू पितो, टीव्ही बघतो. मग कागदावर कथीड्रल, म्हणजे भव्य चर्च, काढू लागतो आणि त्या पाहुण्याचा हात त्याच्या हातावर असतो. शब्द जिथे अडतात तिथे स्पर्श येतो.

जपानी लेखक हारुकी मुराकामी यांनी २०१४ मध्ये हेमिंग्वेंचंच शीर्षक आपल्या संग्रहाला दिलं. त्यातला काफुकू हा विधुर नट बायकोच्या प्रियकराशी दोस्ती करतो, त्याच्यासोबत पीत बसतो, पण त्याच्यापुढेही अभिनयच करतो. मनातलं तो बोलतो ते पगारी ड्रायव्हर असलेल्या तरुणीशी. पुरुष मित्रापुढे ते त्याला अजून जमलेलं नाही.