शिरेवर शीर चढत नाही

मे महिन्यातल्या रात्री दीड-दोन वाजता तळपायात गोळा येतो. अंगठा आपोआप खाली वळतो, तळव्याचा दगड होतो, आणि घरातलं कुणीतरी उठून म्हणतं, "शिरेवर शीर चढली, अंगठा ओढ." सल्ला अगदी बरोबर, कारण मात्र चूक. शिरा आपापल्या जागीच असतात. आखडतो तो स्नायू. आणि अंगठा ओढल्यावर तो का सुटतो, ही मला शरीरातली एक फार देखणी गोष्ट वाटते.

स्नायूवर दोन पहारेकरी असतात. एक स्नायूच्या आत, सूत कातायच्या चातीच्या आकाराचा. स्नायू ताणला गेला की तो मज्जारज्जूला कळवतो, 'आखड'. दुसरा असतो कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत. कामिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात त्याचं वर्णन केलं. कंडरेवर ताण वाढला की तो 'पुरे' म्हणतो: त्याचा संदेश मधल्या एका चेतापेशीमार्फत जातो आणि स्नायूला हुकूम देणारी प्रेरक चेतापेशी मंदावते. दमलेल्या स्नायूत पहिल्याचा जोर वाढतो, दुसऱ्याचा घटतो. त्यातच झोपेत पाऊल आणि बोटं खाली झुकलेली असतील, तर तळव्याचा स्नायू आधीच आखूड आणि कंडरा सैल. 'पुरे' म्हणणाऱ्याला ताण जाणवतच नाही, आणि हुकूम सुटत राहतात. अंगठा वर ओढला की कंडरा ताणली जाते, गोल्जीचा पहारेकरी जागा होतो, गोळा विरतो. पेटक्याची सगळी कोडी यातून सुटत नाहीत, पण आजवरचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे.

2010 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग नेमका अंगठा वाकवणाऱ्या स्नायूवरच होता. घाम गाळलेल्या तरुणांच्या पायात विजेच्या झटक्यांनी पेटका आणला. एका वेळी साधं पाणी दिलं, दुसऱ्या वेळी काकडीच्या लोणच्याचं खारं-आंबट पाणी. लोणच्याच्या पाण्याने पेटका सरासरी 49 सेकंद लवकर सुटला. इतक्या लवकर मीठ रक्तात पोचत नाही. रक्तातही फरक दिसला नाही. घशातल्या चेतातंतूंना बसलेल्या आंबट झणक्यानेच मज्जारज्जू शांत झाला असावा.

मग मिठाचा संबंधच नाही? आहे, पण तो भरपूर घाम गाळणाऱ्यांसाठी. 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत मजूर घाम गाळून नुसतं पाणी पीत आणि पेटक्यांनी कळवळत. पाण्यात मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. एक लिटर घामातून साधारण 2 ते 3 ग्रॅम मीठ जातं, माणसागणिक कमी-जास्त. वीटभट्टीवर, डांबरीकरणावर, भर उन्हात शेतात राबणाऱ्याने म्हणूनच नुसत्या पाण्याऐवजी मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबूसरबत प्यावं. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर घाम जास्त खारट असतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काम बेतानेच वाढवावं. रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

घरात पंख्याखाली बसणाऱ्यांनाही उन्हाळ्यात पेटके जास्त येतात. कॅनडातल्या एका अभ्यासात रात्रीच्या पेटक्यांचा त्रास भर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट आढळला. यावर पायात काळा दोरा बांधून काही होत नाही. महागड्या मॅग्नेशियमच्या गोळ्याही वयस्कर माणसांना फारशा उपयोगी पडत नाहीत, असं चाचण्यांचे एकत्रित आढावे सांगतात. पेटक्यांसाठी क्विनाइन हे मलेरियावरचं औषध तर मनाने मुळीच घेऊ नये, रक्तावर आणि हृदयावर त्याचे गंभीर परिणाम होतात.

त्यापेक्षा झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून उभं राहावं, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरी दहा सेकंद ताणावी, असं तीनदा. मग खाली बसून हाताने अंगठा वर ओढून तळवा ताणावा. नेदरलँड्समध्ये 55 वर्षांवरच्या लोकांनी रोज झोपताना पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणला, तेव्हा सहा आठवड्यांत त्यांचे रात्रीचे पेटके कमी झाले. चादर पायाशी गादीखाली खोचू नये, ती पाऊल खाली दाबते.

पेटक्यांबरोबर उलट्या, भोवळ किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर अंगठा ओढत बसू नये. माणसाला सावलीत आणून अंग ओलं करावं आणि लगेच दवाखाना गाठावा.