मेलानोमा: शस्त्रक्रियेआधी स्कॅन कुणाचा?

शस्त्रक्रियेआधी कर्करोग पसरला का हे पाहायला स्कॅन करायचा की नाही, हा वाद त्वचेच्या इतर कर्करोगांत फारसा नाही. बेसल सेल कार्सिनोमा क्वचितच दूर पसरतो. त्यामुळे बायोप्सी झाली की बहुतेकदा थेट शस्त्रक्रियाच होते. भांडण आहे ते मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींतून होणाऱ्या कर्करोगाचे.

गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून धोका ठरवण्याची पद्धत १९७० मध्ये आली. पातळ गाठ असलेल्याचा छातीचा एक्स-रे कशासाठी, हे तेव्हाच विचारता आले असते. पण एक्स-रे आणि यकृताच्या रक्तचाचण्या पुढेही सवयीने होत राहिल्या.

१९९२ मध्ये सेंटिनल नोडची पद्धत प्रसिद्ध झाली. गाठीकडून येणारा लसिकाप्रवाह ज्या लसिकाग्रंथीत आधी पोहोचतो, तेवढीच रंगद्रव्याने शोधून काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. २००० नंतर शरीरभर कर्करोग शोधणारा पेट-सीटी स्कॅन आला, आणि आता ग्रंथी कापायलाच नको अशी आशा निर्माण झाली. ती फोल ठरली. ग्रंथीतला कर्करोगाचा ठिपका अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, तो पेट स्कॅनला दिसत नाही. उलट जुन्या संसर्गाचे व्रण आणि निरुपद्रवी गाठी मात्र चमकतात. मग सुई घालून तपासणी, पुन्हा स्कॅन, लांबलेली शस्त्रक्रिया आणि घरभर धास्ती. लक्षणे नसलेल्या सुरुवातीच्या टप्प्यात स्कॅन नको, असे मार्गदर्शक सूचना सांगतात ते यामुळेच. तरीही ‘एकदा बघून घेऊ’ म्हणत स्कॅन लिहून दिले जातात. रुग्णाला दिलासा हवा असतो आणि डॉक्टरला काही सुटल्याचा ठपका नको असतो. माझ्या मते हे कारण पुरेसे नाही.

सेंटिनल नोडवरही आक्षेप होतेच. त्यात कर्करोग सापडला की बाकीच्या ग्रंथीही सरसकट काढत. २०१७ च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी मेलानोमाने मृत्यू न झालेल्यांचे प्रमाण बाकीच्या ग्रंथी काढलेल्या आणि नुसते लक्ष ठेवलेल्या अशा दोन्ही गटांत ८६ टक्के निघाले. हातापायाची सूज मात्र ग्रंथी काढलेल्यांत २४ टक्के, इतरांत ६ टक्के. तेव्हापासून ही तपासणी मुख्यतः पुढचे औषध ठरवण्यासाठी उरली.

औषधांनीच वादाचे पारडे पुन्हा हलवले. कर्करोगाने वाढून चाचपताना हाताला लागणाऱ्या ग्रंथी असलेल्यांना शस्त्रक्रियेआधीच इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध, दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे २०२३ मध्ये दिसले. अशांचा स्कॅन आधी होणे रास्तच. जाड गाठ, पण ग्रंथी हाताला न लागणारे रुग्ण अजून मधल्या पट्ट्यात आहेत: त्यांचा स्कॅन करावा की नाही, हे ठरलेले नाही.