ग्रामसंवादासाठी ध्वनिमाध्यमाची निवड

गाव, वाडी, वस्ती किंवा पाड्यापर्यंत एखादा संदेश आवाजाच्या रूपात पोचवण्यासाठी दवंडी, भोंगा, रेडिओ वा मोबाइल यांपैकी योग्य साधन ठरविण्याची प्रक्रिया. ज्याला वाचता येत नाही, ज्याचे हात कामात गुंतले आहेत, त्यालाही आवाज गाठतो. मात्र ऐकलेले वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. त्यामुळे साधनाचा पल्ला पाहण्याआधी संदेशाची जात पाहावी लागते. ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ ही सूचना आहे. ‘पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया, म्हणजे औषध चोळणे, का करावे’ हे समजावून सांगण्याचे काम आहे. पहिलीला दवंडी पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

दवंडीत हलगी किंवा डफ वाजवून आधी कान टवकारायला लावतात आणि मग चौकाचौकात मोजके शब्द सांगतात. ऐकणारा तिथेच ‘किती वाजता?’ असे विचारू शकतो, ही सोय भोंग्यात नाही.

भोंग्याचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप) उतरतो. 1 मीटरवर 110 डेसिबल असेल, तर 100 मीटरवर 70 च्या आसपास उरतो. भिंती आणि वारा तो आणखी खातात. आवाज वाढवला की शब्द फाटतात आणि व्यंजने हरवतात. दूरदूरच्या दोन भोंग्यांवर एकच निवेदन लावले, तर 34 मीटरच्या फरकाला आवाज दशांश सेकंद मागे पडतो आणि शब्दावर शब्द चढतो. भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षातली चूक वेगाची असते. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 200 मीटरचा टप्पा 36 सेकंदांत ओलांडते. मिनिटभराचे निवेदन मग कुणालाच पुरते ऐकू येत नाही. संदेश 15 सेकंदांचा करावा, नाहीतर गाडी चौकात थांबवून दोनदा वाजवावा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार भोंग्याला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात मोकळ्या जागी तो वाजवता येत नाही.

सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांसाठी चालवलेले छोटे केंद्र, शैक्षणिक संस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांना खुला झाला तो 2006 च्या धोरणाने. प्रक्षेपणशक्ती 100 वॅटपर्यंत आणि पल्ला साधारण 10 किलोमीटर, म्हणून श्रोत्यांच्याच बोलीत बोलता येते. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ या अशा केंद्राचे बळ त्यातच आहे. परंतु ही केंद्रे ज्यांवर चालतात त्या एफएम लहरी डोंगराआड नीट जात नाहीत. सह्याद्रीच्या खोऱ्यात केंद्र जवळ असूनही पलीकडच्या वाडीत नुसती खरखर येते. शिवाय मोबाइलवर एफएम ऐकायला बहुधा इअरफोनची तार लागते, आणि अनेक नव्या फोनांत ही सोयच नसते. वस्तीत किती जणांकडे चालता रेडिओ आहे, हे घरोघरी जाऊन पाहावे.

समजावून सांगण्याच्या कामासाठी महाराष्ट्रातलाच दाखला मोलाचा आहे. 1956 मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतील 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, एकूण 20 कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, लगेच चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत विषयांची माहिती बरीच अधिक वाढल्याचे पाहणीत आढळले. ऐकल्यावर बोलायला मिळणे हाच तो फरक होता. आजही ध्वनिमुद्रण वाजवून झाल्यावर अर्धा तास चर्चेला ठेवल्याशिवाय अशा विषयाला हात घालू नये.

मोबाइलवरील ध्वनिमुद्रित कॉल तातडीच्या वेळी उत्तम. महाराष्ट्रातील ग्राम सुरक्षा यंत्रणेत एकाने टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप परिसरातील नोंदणीकृत फोनांवर एकदम वाजतो. अडचण अशी की फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. बायकांसाठीचा निरोप तिथेच अडकतो. व्हॉट्सॲपवरील ध्वनिफितीत तारीख आणि गावाचे नाव पहिल्याच वाक्यात बोलावे, कारण जुनी फीत वर्षभराने पुन्हा फिरते आणि घबराट उडते.

भाषा ठरवताना मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणाऱ्याकडूनच मजकूर रचून घ्यावा. प्रमाण मराठीचे शब्दशः भाषांतर कानाला परके वाटते. प्रसारणाआधी वस्तीतल्या पाचसहा जणांना संदेश एकदाच ऐकवून तो परत सांगायला लावावा. वेळ, ठिकाण आणि काय करायचे यांपैकी जे सुटते, ते वाक्य पुन्हा लिहावे.