सोसायटी (मराठवाड्यातील सहकारी गृहनिर्माण संस्था)

मराठवाड्यातल्या गावात ‘सोसायटी’ म्हटले की पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सेवा संस्था आठवते, आणि तिची थकबाकी व चुरशीची निवडणूकही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी या शहरांत तोच शब्द राहत्या वसाहतीला लागतो. दोन्हींना कायदा एकच : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०.

सहकारी घरांची कल्पना मुंबईत रुजली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. अशा संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची. सभासदाकडे शेअर आणि त्याबरोबर येणारा राहण्याचा हक्क. कायद्याच्या भाषेत ही ‘भाडेकरू सहभागीदारी’. न्यूयॉर्कची १८८४ साली पूर्ण झालेली आलिशान डाकोटा इमारत १९६१ मध्ये सहकारी झाली, तिचेही सूत्र हेच. करोडो मोजून माणूस तिथे घर घेतो असे आपण म्हणतो. कागदावर तो शेअरच घेतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या शहरांत जागेची मुंबईसारखी चणचण नव्हती, त्यामुळे ‘भाडेकरू मालकी’चा प्रकार जास्त मानवला : जमीन संस्थेने घ्यायची, ती एन.ए. (बिगरशेती) करून प्लॉट पाडायचे, घर सभासदाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्या जुन्या सोसायट्या बहुधा अशाच. म्हणून इथला एखादा ज्येष्ठ ‘आम्ही सोसायटीत राहतो’ म्हणतो तेव्हा लिफ्टची इमारत नव्हे, अंगण आणि कडुनिंब असलेले घर समजावे. सिडकोने (शहरे वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) औरंगाबादेत भाडेपट्ट्यावर वसवलेल्या ‘एन-सहा’, ‘एन-सात’ अशा आकडी पत्त्यांच्या वसाहतींनीही ही सवय मोडली नाही. बहुमजली फ्लॅट आले ते त्यानंतर, शहरे फुगू लागली तसे.

फ्लॅटच्या सोसायटीत भांडणाचे मूळ मुंबईत पार्किंग असते, इकडे पाणी. संभाजीनगरला पाणी येते पन्नासएक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून, आणि नळ काही दिवसांआड सुटतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. साहजिकच इमारतीची खरी श्रीमंती संगमरवरी लॉबीत नसते. ती जमिनीखालच्या हौदाच्या लांबी-रुंदीत आणि बोअरच्या खोलीत मोजतात. आदर्श उपविधींनुसार (संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असतो. नळ कोरडे असताना टँकरचे बिल या हिशेबाने वाटायला बसले की सभा कशी रंगते, ते सचिवालाच विचारावे! बाकीचे हिशेब सोपे आहेत. सेवाशुल्क सर्वांना सारखे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीला व ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला (पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव गंगाजळीला) दरवर्षी द्यायचे.

अधिक गुंतागुंतीचा मामला जमिनीचा. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून द्यायची असते. ते टाळले गेल्यास संस्थेला ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन नावावर करून मिळणे, मागता येते. ही सोय २००८ च्या दुरुस्तीने आली. इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ असले म्हणून ती सोसायटी नाही असे समजू नये, आणि उलटही. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या इमारतीत फ्लॅटधारक स्वतः मालक असतो, शिवाय जमिनीत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. तिथे शेअर सर्टिफिकेट नसते.

या सगळ्याच्या बाहेर राहिली ती गुंठेवारी. शेतातले तुकडे नुसत्या बाँडपेपरवर लिहून विकून झालेल्या वसाहतींच्या कमानीवरही ऐटीत ‘सोसायटी’ लिहिलेले असते, पण ना नोंदणी, ना शेअर, ना सभा. २००१ च्या कायद्याने अशा प्लॉटना नियमित करण्याची वाट दिली आणि २०२१ मध्ये तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटपर्यंत वाढवली. त्याने प्लॉट नियमित होतो. संस्था मात्र रहिवाशांनी वेगळी नोंदवावी लागते.