कोकण किनाऱ्याचा साप्ताहिक हवामान अंदाज

पालघर ते सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राचा किनारी पट्टा आणि गोवा यांच्यासाठी पुढील सुमारे सात दिवसांतील पाऊस, तापमान, वारा व समुद्रस्थिती यांविषयी वर्तविण्यात येणारा अंदाज. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या 36 उपविभागांत ‘कोकण व गोवा’ हा स्वतंत्र उपविभाग आहे. जिल्हावार दैनंदिन अंदाज व इशारे मुंबई (कुलाबा) आणि पणजी येथील केंद्रे देतात. दर गुरुवारी विभागाकडून पुढील दोन आठवड्यांचे विस्तारित पल्ल्याचे पत्रक निघते. त्यात आठवड्याचा पाऊस सरासरीइतका, तिच्याहून अधिक की कमी, हे सांगितलेले असते.

पत्रकांतील ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ या संज्ञा शक्यतेच्या नसून विस्ताराच्या आहेत. उपविभागातील किती केंद्रांवर पाऊस पडेल याचे प्रमाण (अनुक्रमे 25, 50, 75 व 100 टक्क्यांपर्यंत) त्या दाखवितात. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी पाऊस ‘मुसळधार’, त्यापुढे 204.4 मिमीपर्यंत ‘अति मुसळधार’ आणि त्याहून अधिक तो ‘अत्यंत मुसळधार’ होय. पिवळा, नारिंगी व लाल हे रंग मात्र केवळ पावसाच्या मापावरून ठरत नाहीत. संभाव्य परिणाम आणि यंत्रणांनी ठेवावयाची सज्जता यांचा त्यांत विचार असतो.

पूर्वपीठिका : या किनाऱ्याच्या पर्जन्यमानाचा एक जुना उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. अश्मक, अवंती इ. प्रदेशांचा पाऊस तेथे द्रोण या जुन्या मापात दिला असून अपरान्ताचा ‘अमित’, म्हणजे मोजमापापलीकडचा, म्हटला आहे. ग्रंथाचा काळ काही अभ्यासक मौर्यकाळ मानतात. उपलब्ध संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावी, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. अपरान्त म्हणजे संपूर्ण पश्चिम किनारा की शूर्पारकाभोवतालचे (सोपारा) उत्तर कोकण, याविषयीही मतभेद आहेत. उत्तर कोकणाकडे कल असला, तरी ‘अमित’ हे वर्णन दोन्ही अर्थांना लागू पडते.

मृगापासून स्वातीपर्यंतच्या पर्जन्यनक्षत्रांचा लोकांतील आडाखा पल्ल्याच्या दृष्टीने साप्ताहिक अंदाजाच्या सर्वांत जवळचा. एकेक नक्षत्र साधारण 13–14 दिवसांचे असते. या आडाख्याचे मूळ वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सु. सहावे शतक) गर्भलक्षणात, म्हणजे ढगांनी पावसाचा ‘गर्भ’ धरल्याच्या खुणांत, शोधले जाते, परंतु हा संबंध सरळ जोडता येत नाही. वराहमिहिराची गणना चंद्रनक्षत्रावर (चंद्र ज्यात असतो ते नक्षत्र) आधारलेली असून मेघगर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी वृष्टी होते, असे तो सांगतो. शेतकऱ्याचे मृग-आर्द्रा सूर्यनक्षत्रावर (सूर्य ज्यात असतो ते नक्षत्र) चालतात. पंचांगांतील बेडूक, म्हैस, हत्ती इ. वाहने सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंतच्या मोजणीतून काढतात. ती पद्धती उत्तरकालीन असावी.

कुलाबा वेधशाळा 1826 मध्ये उभारली गेली. हवामानाच्या नियमित नोंदी 1841 च्या सुमारास सुरू झाल्या. हवामान विभागाची स्थापना 1875 ची.

पावसाची कारणमीमांसा : आठवड्याचा अंदाज कोठवर विश्वासार्ह असतो, हे किनाऱ्यावरील पाऊस कशामुळे पडतो यावर अवलंबून आहे आणि नेमका तोच प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. सह्याद्री मोसमी वाऱ्याला अडवितो, हवा वर चढते व पाऊस पडतो, हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण अपुरे आहे. हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी 1966 मध्ये मांडलेल्या गतिकीय (हवेच्या गतीच्या गणितावर आधारलेल्या) प्रारूपातून किनाऱ्याकडून घाटाकडे पाऊस का वाढतो आणि शिखररेषेच्या अलीकडेच तो कमाल का असतो, याचा उलगडा झाला. खुद्द किनाऱ्यावरील आणि समुद्रावरील पावसाचा झाला नाही. त्यापूर्वीच 1956 मध्ये पी. ए. जॉर्ज यांनी किनाऱ्यालगतच्या लहान आवर्तांकडे (हवेचे भोवरे) लक्ष वेधले होते. 1963 च्या मोसमातील निरीक्षणांवरून मिलर व केशवमूर्ती यांनी अरबी समुद्रावरील मध्य-क्षोभावरणीय (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या मधल्या उंचीवरील) चक्रवाताची रचना दाखविली. ग्रॉसमन व डरन (1984) यांच्या मते घाटाच्या अडथळ्याने वारा समुद्रावरच मंदावतो आणि तेथेच ऊर्ध्वगती सुरू होते. या घाटाची उंची (सु. 1,000 मी.) त्यासाठी पुरेशी आहे काय, अशी शंका पुढे घेतली गेली, ओगुरा व योशिझाकी (1988) यांनी वाऱ्याचे उंचीनुसार बदलणे आणि समुद्रपृष्ठाकडून मिळणारी उष्णता व बाष्प हिशेबात धरल्यावरच निरीक्षणांशी मेळ बसतो, असे दाखविले. फ्रान्सिस व गाडगीळ (2006) यांना अतितीव्र पावसाच्या बहुतांश घटना विस्तृत मेघपट्ट्यांशी निगडित आढळल्या. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे मत सर्वांत उपयुक्त आहे : विषुववृत्ताकडून उत्तरेस सरकणारा मेघपट्टा, जो सिक्का व गाडगीळ यांनी 1980 मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखविला, आठवडा-दोन आठवडे आधी ओळखता येतो. त्यात गुंतलेले लहान आवर्त मात्र एक-दोन दिवस आधीच, कधी काही तासच आधी, दिसते.

26 जुलै 2005 हे याचे सर्वांत क्लेशकारक उदाहरण. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी पावसाची नोंद झाली, तर त्याच शहरातील कुलाब्यास सु. 73 मिमी. आठवडा ओला जाणार हे सांगता येणे आणि कोणता नाला तुंबणार हे सांगता येणे, यांतील अंतर जीवघेणे आहे. त्यानंतर किनाऱ्यावर बसविलेल्या डॉप्लर रडारांमुळे हे अंतर काही तासांच्या पल्ल्यात कमी झाले. आठवड्याच्या पल्ल्यात ते टिकून आहे.

उन्हाळा : मार्च ते मे या काळात अंदाजाचा गाभा खाऱ्या वाऱ्याच्या वेळेत असतो. जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोरदार असले की खारा वारा दुपारपर्यंत लांबतो आणि पारा चढतो. किनारी केंद्रांवर कमाल तापमान किमान 37° से. आणि सरासरीपेक्षा 4.5° से. किंवा अधिक वाढलेले असल्यास उष्णतेची लाट मानतात. मैदानी प्रदेशात ही मर्यादा 40° से. आहे. दमट हवेतील उकाडा तापमापीवर पुरता उमटत नाही, म्हणून त्यासाठी ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देतात. घाटपायथ्याच्या गावांना किनाऱ्याचे आकडे लावू नयेत.

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आणि परतण्याची 8 ऑक्टोबर धरतात (2020 मधील सुधारणेनुसार). 2025 मध्ये तो 26 मे रोजीच दाखल झाला.

समुद्र : वाऱ्याचे इशारे हवामान विभाग देतो, लाटा व उधाण यांचे अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने या अंदाजांची खरी कसोटी मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑगस्टनंतर लागते. नोव्हेंबर 2009 मधील ‘फयान’ चक्रीवादळाच्या वेळी अनेक होड्या समुद्रात होत्या. ‘निसर्ग’ (3 जून 2020) श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले. माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण इशारा पुरेसा आधी मिळाल्याने किनाऱ्यावरील वस्त्या रिकाम्या करता आल्या.

कृषिसल्ला : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी संलग्न केंद्रांतून मंगळवारी व शुक्रवारी पाच दिवसांच्या अंदाजासह सल्ला दिला जातो. जून-जुलैत त्याचा भर भाताची रोपे व लावणी यांवर असतो. हिवाळ्यात आंब्याच्या मोहोरावर. थंड रात्री मोहोराला पोषक असतात, तर ढगाळ, दमट हवेत तुडतुडे (रस शोषणारी कीड) आणि भुरी (बुरशीजन्य रोग) वाढते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बागायतदार पत्रकात प्रथम किमान तापमान आणि ढगांचे प्रमाण पाहतात व त्यावरून फवारणीचा दिवस ठरवितात.