सहा जणांच्या गोळ्या, एकाची फेरी

आफ्रिकेतल्या एचआयव्हीबद्दल बोलताना ‘समुदायाचा सहभाग’ हा शब्द हमखास येतो. वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झालाय की आता त्यातून काहीच कळत नाही. तिथल्या वस्त्यांनी उचललेली कामं मात्र अगदी नेमकी आहेत: गोळ्या कोण आणणार, उरलेल्या कोण मोजणार, एखादा खंगायला लागला तर ते आधी कोणाच्या लक्षात येणार. दवाखान्याला जे जमत नव्हतं, त्यातूनच यातलं एकेक काम पुढे आलं.

सुरुवात युगांडातून. नोएरिन कालीबा या कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट. त्यांचे पती जानेवारी १९८७ मध्ये एड्सने गेले. त्याच वर्षी त्यांनी आणखी पंधरा जणांबरोबर ‘टासो’ ही एड्सच्या रुग्णांना आधार देणारी संस्था उभी केली. त्यातले बरेच जण स्वतः बाधित होते. एझेडटी हे पहिलं औषध त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालं, पण कंपालातल्या माणसाला ते मिळण्याची आशाच नव्हती. मग करायचं काय? तोंडातली बुरशी, जुलाब, जखमा यांवर जमेल तो उपचार, घरी जाऊन विचारपूस, आणि शिवल्याने हा आजार लागत नाही हे घरच्यांना पुन्हापुन्हा समजावणं. विषाणूवर औषध नसताना पंधराएक वर्षं हे काम चाललं. पुढे औषधं आली, तेव्हा ती घरापर्यंत नेणारी माणसं आणि त्यांच्यावरचा विश्वास तिथे आधीपासूनच होता.

औषधांची किंमत हा दुसरा अडसर. सन २००० च्या सुमाराला तीन औषधांचा वर्षभराचा खर्च माणशी १० ते १५ हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला आणि सगळं गणित उलटलं. मात्र नुसत्या स्वस्ताईने गोळी पोटात जात नाही. दक्षिण आफ्रिकेत १० डिसेंबर १९९८ ला सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या उपचारांसाठी लढणाऱ्या चळवळीने दोन्ही आघाड्या धरल्या. एकीकडे सरकारशी कोर्टात भांडण. प्रसूतीच्या कळा सुरू होताच बाधित आईला नेव्हिरापिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांत बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढ्याने बाळाला होणारी लागण बरीच टळते. हे औषध मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवता येणार नाही, असा निकाल घटनात्मक न्यायालयाने ५ जुलै २००२ रोजी दिला. दुसरीकडे वस्त्यांमध्ये शिकवण्या. सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या, एचआयव्हीने घटणाऱ्या रक्तपेशी) म्हणजे काय, रोजच्या उपचारात नेव्हिरापिन पहिले दोन आठवडे दिवसातून एकदाच का घ्यायचं (सुरुवातीलाच पूर्ण मात्रा घेतली तर अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो), स्टॅव्हुडिन या दुसऱ्या औषधाने तळपायांची आग व्हायला लागली तर गोळ्या मनाने बंद न करता दवाखाना का गाठायचा, हे सगळं त्यात आलं. या शिकवण्यांना मोर्च्यांइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. माझ्या मते पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं.

मग गर्दी झाली. औषध सुरू केलेला माणूस सावरतो, पण दवाखान्यातून त्याची सुटका होत नाही. महिन्याच्या महिन्याला तो येतच राहतो आणि रांग वर्षागणिक वाढत जाते. युगांडातल्या जिंजा इथे टासोनेच एक रीतसर तुलना करून पाहिली: प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दरमहा मोटरसायकलवरून घरी औषध पोचवायचं, की रुग्णाने दवाखान्यात यायचं? १,४५३ रुग्णांच्या या अभ्यासात औषध निष्प्रभ ठरण्याचं प्रमाण घरपोच गटात १६ टक्के आणि दवाखान्याच्या गटात १७ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच. केप टाउनजवळच्या खायेलित्शात २००७ पासून तब्येत स्थिरावलेल्या तीसेक रुग्णांचे ‘क्लब’ सुरू झाले. दर दोन महिन्यांनी जमायचं, वजन करायचं, तब्येतीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि आधीच बांधून ठेवलेली नावाची पिशवी घेऊन तासाभरात घरी परतायचं.

सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात हुशार वाटणारी तोड मात्र मोझांबिकमधल्या तेते प्रांतातली. तिथे अंतरं लांब, भाडं परवडत नाही, आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. फेब्रुवारी २००८ पासून आरोग्य खातं आणि ‘मेदसां सां फ्राँतिएर’ ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय मदतसंस्था यांच्या मदतीने तिथे रुग्णांचेच छोटे गट बनले. एका गटात जास्तीत जास्त सहा जण, शक्यतो शेजारपाजारचे. व्यवस्था आपल्या भिशीसारखी: दरमहा एकाचा नंबर. ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांची कार्डं घेऊन आरोग्य केंद्रात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची, रक्त तपासणीला द्यायचं आणि सहाही जणांच्या गोळ्या घेऊन यायचं. अशाने प्रत्येकाची फेरी सहा महिन्यांतून एकदा होते आणि तपासणीही चुकत नाही.

निघण्याआधी गट एखाद्याच्या घरी जमतो आणि गोळ्या मोजतो. त्या काळच्या गोळ्या दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला साठ. २८ दिवस झाल्यावर मोजल्या तर चार उरायला हव्यात. दहा उरल्या तर सहा चुकल्या, म्हणजे तीन दिवसांचा उपचार बुडाला. एकही उरली नसेल तरी कान टवकारावेत, कारण घरातल्या दुसऱ्या कोणाला त्यातल्या दिल्या गेल्या असू शकतात. मग खोकला, ताप, वजन, गरोदरपण यांची विचारपूस होते आणि कार्डावर नोंद होते. पहिल्या सव्वादोन वर्षांत २९१ गटांत १,३८४ जण आले. त्यातले ९७.५ टक्के उपचारात टिकले आणि अवघे ०.२ टक्के संपर्काबाहेर गेले. अर्थात गटात घेतले जात ते आधीच स्थिरावलेले रुग्ण. हे आकडे वाचताना तेवढं ध्यानात ठेवायला हवं.

ही व्यवस्था बिघडते कुठे, तेही ठरलेलं आहे. केंद्रातला साठा संपला तर एकाच फेरीत सहा जण रिकाम्या हाती राहतात. दरवेळी तोच हौशी सभासद जायला लागला तर बाकीचे वर्षभर परिचारिकेच्या नजरेस पडत नाहीत आणि क्षयाचा खोकला तसाच राहून जातो. शिवाय गटात यायचं तर आपला आजार गटातल्या बाकीच्यांना सांगावा लागतो. नवऱ्यापासून गोळ्या लपवणाऱ्या बाईला हे दार बंदच. नेमकी तिलाच घराजवळ औषध मिळण्याची गरज जास्त असते.

जागतिक धोरणात हे सगळं उशिरा उतरलं. २०२१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात २०२५ साठी उद्दिष्ट ठरलं: तपासणी आणि उपचारांच्या ३० टक्के सेवा, तर अधिक धोक्यातल्या गटांसाठीच्या प्रतिबंधाच्या ८० टक्के सेवा समुदायाच्या संस्थांनी द्याव्यात. ते वर्ष उजाडलं आणि २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत रोखली. दक्षिण आफ्रिका औषधं मुख्यतः स्वतःच्या पैशाने घेते, पण घरोघर फिरणारे आणि उपचार सोडलेल्यांना परत आणणारे अनेक कार्यकर्ते अमेरिकी निधीवर होते. कपाटात गोळ्या होत्या, पण त्या घ्यायला माणसाला परत आणणाऱ्याचा पगार थांबला.

दरम्यान गोळीही बदलली आहे. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र असलेली ‘टीएलडी’ दिवसाला एकच घ्यायची असते आणि ९० गोळ्यांच्या बाटलीतही मिळते. काही देशांत स्थिर रुग्णांना सहा महिन्यांचं औषध एकदम देतात. फेऱ्या वाचल्या, भाडंही वाचलं. पण महिन्याला गोळ्या मोजायला जमण्याचं कारणही त्याबरोबर गेलं, आणि कोण खोकतंय, कोणाचे कपडे ढिले झालेत, हे त्या बैठकीतच दिसायचं.