उतारवयातील दृष्टिरक्षण

वयोमानाने येणारे नेत्रविकार टाळणे, लांबवणे किंवा वेळीच ओळखणे यांसाठी आहार, सवयी आणि नियमित तपासणी यांची घातलेली सांगड म्हणजे उतारवयातील दृष्टिरक्षण. चाळिशीनंतर जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, कारण डोळ्यातील भिंग ताठर होते. त्याला चष्मा पुरतो. खरी काळजी असते ती मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा आणि पीतबिंदूचा ऱ्हास यांची. मोतीबिंदूने मंदावलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. बाकीच्या तिन्ही विकारांत गेलेली नजर सहसा पूर्ण भरून येत नाही, म्हणून आधीची काळजीच महत्त्वाची.

आहाराचा सर्वांत स्पष्ट संबंध पीतबिंदूशी आहे. पडद्याच्या मध्यावरील हा लहानसा भाग वाचन, सुईत दोरा ओवणे, चेहरे ओळखणे ही बारीक कामे सांभाळतो. त्यातील पिवळे रंगद्रव्य ल्युटीन आणि झियाझँथिन यांचे असते. ती शरीरात तयार होत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. पालकासारख्या गडद हिरव्या पालेभाज्या, मका व अंड्याचा पिवळा बलक हे त्यांचे चांगले स्रोत. दोन्ही स्निग्धात विरघळणारी असल्याने भाजीत थोडे तेल असले तर ती अधिक शोषली जातात. गाजराचा महिमा मात्र वाजवीपेक्षा जास्त गायला जातो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो हे खरे, पण ज्याला ही कमतरता नाही त्याची नजर गाजरे खाऊन तीक्ष्ण होत नाही.

पूरक गोळ्यांबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2001 व 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. पीतबिंदूचा मध्यम ऱ्हास आधीच झालेल्यांमध्ये ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे, जस्त, तांबे आणि बीटा-कॅरोटीन यांच्या ठरावीक मिश्रणाने पाच वर्षांत तीव्र अवस्थेचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. मात्र बीटा-कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत व पूर्वी करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे सुधारित मिश्रणात त्याऐवजी ल्युटीन व झियाझँथिन घेतले गेले. निरोगी डोळ्यांत या गोळ्यांनी विकार टळतो असे दिसलेले नाही. तेव्हा तपासणीशिवाय त्या सुरू करण्यात अर्थ नाही.

गोळीपेक्षा सिगारेट सोडण्याचा लाभ कितीतरी मोठा आहे. धूम्रपानाने पीतबिंदूचा ऱ्हास आणि मोतीबिंदू या दोहोंचा धोका वाढतो. रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात ठेवले तर पडद्याच्या नाजूक रक्तवाहिन्या वाचतात. नियमित चालण्याचा उपयोग इथेही होतो. उन्हात अतिनील किरण रोखणारा चष्मा आणि टोपी वापरावी.

काचबिंदू कोणत्याही आहाराने थोपवता येत नाही. नेहमीच्या प्रकारात तो दुखत नाही, आधी कडेची नजर खातो आणि बराच काळ लक्षातही येत नाही. भावंडांत किंवा आईवडिलांत तो असेल तर धोका अधिक असतो. पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी बाहुली विस्फारून तपासणी करावी. मधुमेह असेल तर कोणत्याही वयात साधारण दरवर्षी.

पीतबिंदूवर घरीही लक्ष ठेवता येते. त्यासाठी ॲम्सलर जाळी नावाचा चौकटींचा कागद वापरतात. जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, कागद वाचण्याच्या अंतरावर धरायचा आणि मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची. मग दुसऱ्या डोळ्याने तेच. सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा एखादा भाग पुसल्यासारखा वाटला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. अचानक चमका दिसणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखे वाटणे ही डोळ्याचा आतला पडदा जागेवरून सुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.